जिभेचे वळण आणि बंगळुरूचा इलाज

बंगळुरूच्या सेवा-उद्योगात ‘एमटीआय’ या तीन अक्षरांचा दरारा असा आहे की, पदवी, अनुभव आणि मामाची ओळख या तिन्ही गोष्टी जमेस असलेला उमेदवारही मुलाखतीनंतरच्या शेऱ्यात ‘हेवी एमटीआय’ हे दोन शब्द दिसताच गार पडतो. ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, म्हणजे बोलणाऱ्याच्या इंग्रजीवर उमटलेला त्याच्या मातृभाषेचा ठसा, एवढाच या संज्ञेचा अर्थ. परंतु ती उच्चारताना प्रशिक्षकांचा स्वर असा लागतो की ऐकणाऱ्याला तो आनुवंशिक विकार वाटावा, आणि एका अर्थाने तो तसा असतोही, कारण तो आईकडूनच आलेला असतो. या विकाराचे वैशिष्ट्य असे की इंग्रजी ज्याची जन्मभाषा आहे त्याला तो होत नाही, असे गृहीत धरले जाते. ग्लासगोचा मनुष्य कितीही दुर्बोध बोलला तरी ती त्याच्या बोलण्याची ढब ठरते, आणि बार्शीचा मनुष्य पुष्कळसा सुबोध बोलला तरी तो त्याचा दोष ठरतो.

इंग्रजीचे उच्चार सुधारण्याचा उद्योग या शहरात कॉल सेंटरांनी आणला, ही समजूत मात्र बरोबर नाही. दक्षिणेतील राज्यांच्या शाळामास्तरांना इंग्रजी अध्यापनाचे धडे देणारी ‘रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश, साउथ इंडिया’ ही संस्था बंगळुरूत १९६३ साली स्थापन झाली, आणि त्या काळी समोर ठेवलेला आदर्श होता ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’चा, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाच्या उच्चारपद्धतीचा. डॅनिएल जोन्स यांनी १९१७ साली आपल्या उच्चारकोशात हीच पद्धत नोंदवली होती. खुद्द ब्रिटनमध्ये ती बोलणारे लोक अल्पसंख्य असले तरी तुमकूरच्या मास्तरांनी ती बोलावी, अशी अपेक्षा धरण्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील आपला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला आणि भारतीयांचे इंग्रजी परक्याला न कळण्यामागे शब्दातील आघात भलत्या अवयवावर पडणे हे एक मोठे कारण असल्याचे दाखवून दिले. ‘आघात’ म्हणजे शब्दातला एक अवयव (सिलॅबल) जोरात आणि लांबवून म्हणणे व उरलेले अवयव अर्धवट गिळणे. मराठी किंवा कन्नड मनुष्य सर्व अवयवांना समान न्याय देतो. इंग्रजीला असली समता मान्य नाही.

पुढे २००० साली ‘ट्वेंटीफोर सेव्हन कस्टमर’सारख्या कंपन्या बंगळुरूत निघाल्या, आणि मास्तरांच्या जागी पदवीधर मुले-मुली आली, दिवसाच्या जागी रात्र आली, लंडनच्या जागी टेक्सास आले. ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’ हा स्वतंत्र विषय झाला, त्याचे ट्रेनर झाले, बॅचेस झाल्या, मॉक कॉल झाले, व्हर्संटसारख्या यंत्राकडून दूरध्वनीवर तोंडी परीक्षा घेतली जाऊ लागली, आणि अखेरीस ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ नावाची एक वस्तू बाजारात आली. न्यूट्रल, म्हणजे तटस्थ, उच्चार तो की जो जगातल्या कोणत्याही गावी जन्मलेल्या मनुष्याच्या तोंडी सापडत नाही. तो फक्त कोरमंगला ते व्हाइटफील्ड या पट्ट्यात, भाड्याच्या वातानुकूलित खोल्यांत, रात्रीच्या पाळीपूर्वी तयार होतो आणि पहाटे कंपनीची गाडी घरी सोडते तेव्हा चालकाला वळण सांगताना गळून पडतो.

या खोल्यांत नेमके काय चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मराठी भाषकांसाठी पहिला अडथळा असतो तो इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा. लेखनात मराठीने हा प्रश्न मोठ्या हुशारीने सोडवला असून ‘व्हॅन’साठी ‘व्ह’ आणि ‘वॉर’साठी ‘व’ अशी वाटणी केली आहे. नंतर ‘व्हाइट’ आणि ‘व्हील’ येथेही ‘व्ह’च योजून स्वतःच केलेली वाटणी स्वतःच मोडलीही आहे. तोंडात मात्र ‘व्ह’ म्हणजे ‘व’ला दिलेली हकाराची फुंकर, जी ‘व्हावे’ या शब्दात शोभते आणि ‘व्हेरी गुड’मध्ये समोरच्याच्या चष्म्यावर बसते. यावर ट्रेनरचा उपाय शारीरिक असतो: ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज सोडायचा, ‘डब्ल्यू’साठी दातांना सुट्टी देऊन ‘ऊ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा. मग कोल्हापूर, हुबळी, कोट्टयम आणि कटक येथून आलेली वीस-पंचवीस धडधाकट माणसे दंतवैद्याकडे रांगेत बसल्यासारखी दात दाखवत ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ हे दोन शब्द आलटून पालटून म्हणतात, आणि त्यांतील एकाचा अर्थ वेल आणि दुसऱ्याचा मद्य, हे कळल्यावर दुसऱ्याचा सराव आपोआप वाढतो. एकाच ध्वनीने फरक पडणाऱ्या अशा जोड्यांना भाषाशास्त्रात ‘लघुतम युग्मे’ म्हणतात आणि उच्चारवर्गाचा सारा प्रपंच त्यांच्यावर चालतो.

स्पॅनिश भाषक या वर्गात बसला तर त्याची गत कशी होईल, हा प्रश्न येथे अप्रस्तुत वाटेल. परंतु उच्चारशास्त्राच्या दृष्टीने माद्रिद आणि मिरज यांच्यातील अंतर नकाशावर दिसते तेवढे नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि ऱ्हस्व-दीर्घ हा भेद नाही. त्यामुळे इंग्रजीतील जहाज आणि मेंढी, म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’, त्याच्या तोंडी एकाच किमतीला जातात. मराठी मनुष्य यावर हसेल, कारण त्याच्या वर्णमालेत ऱ्हस्व इकार आणि दीर्घ ईकार दोन्ही डौलात उभे असतात. हे हसू जपून वापरावे. मराठीतला हा भेद लेखणीत आहे, कानात नाही; ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी हे शाळेत पाठ करावे लागते ते यामुळेच, आणि शुद्धलेखनाच्या नियमांवर मराठीत एवढी भांडणे होतात तीही यामुळेच. अंत्य इकार दीर्घ लिहावा असा नियम करावा लागतो, याचा अर्थ तो ऐकून ठरवता येत नाही. कन्नड भाषकाच्या कानात मात्र हा भेद पक्का असतो, कारण त्याच्याकडे ‘बिडु’ म्हणजे सोड आणि ‘बीडु’ म्हणजे छावणी. शिवाय त्याच्या लिपीत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ही वेगळे असल्यामुळे लेखणी आणि वेदना यांत त्याचा घोटाळा होत नाही. मराठीत दोन्ही ‘पेन’च, त्यामुळे ‘पेनकिलर’ ही गोळी नेमकी कशाचा जीव घेते ते संदर्भावरून ठरवावे लागते. परीक्षेची ‘टेस्ट’ आणि भेळेची ‘टेस्ट’ यांचेही तेच. याची भरपाई म्हणून कन्नड भाषक ‘एम’ला ‘यम’ आणि ‘ओन्ली’ला ‘वोन्ली’ म्हणतो, बसला ‘बस्सु’ म्हणतो, आणि मराठी मनुष्याचे हसू त्याला सव्याज परत मिळते.

जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र मराठीची बाजू भक्कम आहे. शब्दाच्या आरंभी ‘स’ला दुसरे व्यंजन चिकटले की स्पॅनिश भाषक आधी एक ‘ए’ ठेवल्याशिवाय पाऊल उचलत नाही, म्हणून तो ‘एस्पीक’ आणि ‘एस्कूल’ म्हणतो. उत्तर हिंदुस्थानातला त्याचा बंधू ‘इस्कूल’ म्हणतो. ज्याच्या घरात पहाटेच स्नान आणि स्तोत्र होते त्याला ‘स्टेशन’ची भीती वाटण्याचे कारण नाही, असे शहरी मराठी मनुष्य म्हणेल, खेड्यातली ‘ठेसन’ तो सोयीस्करपणे विसरेल.

सर्वांत गमतीचे प्रकरण ‘टी’ या अक्षराचे. इंग्रजी ‘टी’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागील हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. या स्थानाला दंतमूल म्हणतात. स्पॅनिश जीभ तेथवर न जाता दातांवरच थांबते आणि ‘तेबल’ म्हणते, मराठी जीभ ते ओलांडून टाळूकडे वळते आणि ‘टेबल’ म्हणते. म्हणजे एक पोचत नाही, दुसरी थांबत नाही, आणि इंग्रजीचे घर मधल्या थांब्यावर राहते. ही वळण्याची सवय इतकी मुरलेली आहे की स्पॅनिश नावेही मराठीत इंग्रजीच्या दारातून येताना मूर्धन्य होऊन येतात. ज्या थोर फुटबॉलपटूला त्याचे देशबांधव मारादोना म्हणत, त्याला मराठी वर्तमानपत्रांनी आयुष्यभर ‘मॅराडोना’ म्हटले, आणि तो ड त्याच्या कोणत्याही बचावपटूपेक्षा अधिक चिवट निघाला.

याच ‘टी’ने अमेरिकेत गेल्यावर आणखी एक वेश बदलला आहे. दोन स्वरांच्या मध्ये आला की अमेरिकी माणूस जीभ दंतमुळाला ओझरती लावून सोडतो, आणि ‘वॉटर’, ‘लिटल’, ‘बॉटल’ यांतील ‘टी’ जवळजवळ ‘ड’ किंवा ‘र’ होऊन बसतो. थॉमस फ्रीडमन यांनी बंगळुरूच्या कॉल सेंटरातील तरुणांना असले शब्द घोकताना पाहिले आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ या ग्रंथात त्याची नोंद केली. जग सपाट झाल्याचा तो पुरावा होता, जिभा सपाट करण्यासाठी लागणाऱ्या तासांचा हिशेब अर्थातच वेगळा. वस्तुतः हा ओझरता ध्वनी स्पॅनिश भाषकाच्या एकेरी ‘र’मध्ये तयारच असतो, आणि म्हणून त्याला चहाची किटली, अर्थात ‘पॉट ऑफ टी’, अमेरिकी थाटात म्हणायला शिकवायचे तर त्याच्याच भाषेतील ‘पारा ती’ म्हणजे ‘तुझ्यासाठी’ हे शब्द म्हणायला लावतात. मराठीच्या ‘बरा’ आणि ‘वारा’ यांतला ‘र’ही या कामी बऱ्यापैकी चालू शकेल. परंतु ‘वॉटर’मध्ये र घालून पाणी मागा, असे सांगणारा ट्रेनर मराठी उमेदवाराला भोंदू वाटेल, कारण आयुष्यभर मराठी शाळेने त्याला लिहिले तसे वाच असेच बजावलेले असते.

लिहिले तसे वाचणे हा मराठी आणि स्पॅनिश यांचा खरा समान वारसा. दोन्ही भाषांत अक्षर दिसले की ध्वनी ठरला. इंग्रजीत अक्षर हे ध्वनीविषयी केलेले एक सौम्य अनुमान असते. म्हणून दोन्हीकडचे लोक ‘वेन्स्डे’मधला पहिला ‘डी’ इमानाने उच्चारतात, प्लंबरच्या पोटातला ‘बी’ बाहेर काढतात, आणि मराठी माणूस तर ‘व्हेजिटेबल’ व ‘कम्फर्टेबल’ या दोन्ही शब्दांत एकेक टेबल मांडतो. या शब्दांत टेबल नाही, हे समजावण्यात प्रशिक्षणाची एक सबंध सकाळ, म्हणजे कॉल सेंटरच्या पंचांगानुसार एक सबंध मध्यरात्र, खर्ची पडते.

आणि मग येतो ‘पी’, जेथे शास्त्राचा विनोद शिगेला पोचतो. शब्दाच्या आरंभी ‘पी’, ‘टी’, ‘के’ हे ध्वनी इंग्रज मनुष्य श्वासाचा झोत सोडून, म्हणजे महाप्राणाकडे झुकवून उच्चारतो. तो झोत पडताळण्यासाठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात, पट्टी हलली तर उमेदवार उत्तीर्ण. स्पॅनिश भाषकाची पट्टी हलत नाही, कारण त्याच्या भाषेत महाप्राण ‘पी’ नाहीच. मराठी भाषकाचीही हलत नाही, आणि हे अक्षम्य म्हटले पाहिजे, कारण जगात अल्पप्राण आणि महाप्राण यांचा एवढा चोख हिशेब ठेवणारे लोक फार थोडे आहेत. क-ख, त-थ, ट-ठ, प-फ ही विभागणी मराठी मूल सहाव्या वर्षी तोंडपाठ म्हणते, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही स्थाने पुढे व्याकरणात शिकते, आणि ‘पेन’ म्हणताना नेमका अल्पप्राण प निवडते. इंग्रज कानाला त्यामुळे ‘पी’च्या जागी ‘बी’ ऐकू येण्याचा संभव असतो, आणि फोनवर कोड नंबर सांगताना ‘पी फॉर पीटर’ असे म्हणूनही समोरून ‘बी?’ अशी पृच्छा येते. येथे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाच्या १९४६ मधील एका कबुलीची आठवण द्यायला हवी: प्राचीन भारतीय वैयाकरणांचा आणि शिक्षाग्रंथांचा परिचय झाला नसता तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पनाही करणे अवघड, असा त्याचा आशय होता. तेच शास्त्र आता कागदाच्या पट्टीसह, फी आकारून, परत केले जात आहे.

सिद्धान्ताचे एवढे अरण्य तुडवल्यावर एखादे प्रत्यक्ष उदाहरण पाहणे बरे, आणि ते बंगळुरूच्या फुटबॉल मैदानावर मिळते. बंगळुरू एफसी या संघाला आल्बेर्ट रोका आणि नंतर कार्लेस क्वाद्रात असे स्पेनमधील प्रशिक्षक लाभले. रोका यांच्या हाताखाली संघ २०१६ साली एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. कर्नाटक, केरळ, पंजाब, ईशान्य भारत आणि महाराष्ट्र येथील खेळाडूंना स्पॅनिश जिभेतून आलेले इंग्रजी समजावे, आणि त्यांचे इंग्रजी स्पॅनिश कानांना समजावे, यासाठी कोणी कागदाच्या पट्ट्या धरल्याचे ऐकिवात नाही. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अतिरिक्त वेळेत गेला असता दिमास देल्गादो या स्पॅनिश खेळाडूने कॉर्नर घेतला, मुंबईत जन्मलेल्या राहुल भेकेने तो डोक्याने गोलात धाडला आणि बंगळुरूने गोव्याला एका गोलाने हरवून विजेतेपद मिळवले. पराभूत गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हेही स्पेनचेच होते, म्हणजे दोन्ही बाजूंना सूचना सारख्याच उच्चारात मिळत होत्या आणि पराभवाचे खापर ‘एमटीआय’वर फोडण्याची सोय कोणालाच उरली नव्हती.

विद्वानांनाही हे मान्य आहे, फक्त त्यांना ते मान्य करायला वेळ लागला. टेसा बेंट आणि ॲन ब्रॅडलो यांनी २००३ साली दाखवून दिले की, इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही अशा श्रोत्याला तशाच एखाद्या चांगल्या बोलणाऱ्याचे इंग्रजी जन्मजात इंग्रजी भाषकाइतकेच सुबोध वाटू शकते. जेनिफर जेंकिन्स यांनी त्याआधी २००० साली परकीयांच्या आपसांतील इंग्रजीसाठी आवश्यक उच्चारांची एक किमान यादी मांडली होती. तिच्यात स्वरांची लांबी आणि ‘पी’-‘टी’-‘के’चा श्वास हे आवश्यक ठरले, ‘थिंक’ आणि ‘दिस’ यांच्या आरंभीचे, दातांत जीभ धरून काढायचे ध्वनी ऐच्छिक ठरले, आणि बन्सल यांनी ज्याला मोठे कारण म्हटले होते तो शब्दाघातही बव्हंशी वगळला गेला. म्हणजे अर्धशतक घोकलेले जे होते त्यातले बरेच परीक्षेला नव्हते. अर्थात, बन्सल यांचा श्रोता मुख्यतः इंग्रज होता आणि जेंकिन्स यांचा श्रोता इंग्रजेतर. टेक्सासमध्ये बिघडलेला प्रिंटर पुढ्यात घेऊन बसलेल्या ग्राहकाला हा भेद समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र कोणत्याच ग्रंथाने घेतलेली नाही.

बहुभाषी गोंगाट बंगळुरूला नवा नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या येथील दरबारात नाना भाषांचे कवी होते. बारा भाषा जाणणाऱ्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला आणि राजवाड्यांनी तो पुढे संपादित केला. त्या दरबारात कोणाचा दंत्य च बिघडला म्हणून त्याला वर्गात बसवल्याचा उल्लेख नाही. पुढे आलेल्या इंग्रजांच्या जिभेला ‘ळ’ पेलला नाही आणि त्यांनी शहराला ‘बँगलोर’ केले. पुण्याचे ‘पूना’ केले. हा ‘हेवी एमटीआय’ वर्गात सुधारण्याऐवजी राजपत्रात छापला गेला, आणि बंगळुरूला तो उतरवण्यासाठी १ नोव्हेंबर २०१४ पर्यंत वाट पाहावी लागली. (त्याच दिवशी बदललेल्या आणखी एका नावाचा उल्लेख येथे केल्यास निबंधाचा सूर बिघडून सीमाप्रश्नाचा सूर लागेल, म्हणून तो टाळलेला बरा.) मराठी वाचकाने यावर फार सात्त्विक संताप करू नये हेही खरे, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याकडे पाहून भुवई उंचावण्याचा उद्योग पुण्याच्या काही पेठांनी विनामूल्य आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे, आणि शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ केले तेव्हा कथा मराठी मातीत रुजायला काहीच अडचण पडली नाही, कारण उच्चारावरून माणूस जोखण्याची जमीन नांगरलेलीच होती.

अलीकडे ट्रेनरांच्या पोटावर नवे संकट आले आहे. सॅनास या कंपनीची संगणकप्रणाली बोलणाऱ्याचा आवाज तोच ठेवून उच्चार क्षणार्धात बदलते, आणि टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीने ती भारतातील कर्मचाऱ्यांसाठी वापरात आणल्याचे २०२५ साली जाहीर झाले; म्हणजे यापुढे ओठांचा चंबू यंत्र करील आणि उमेदवाराला आपले दात आपल्याजवळ ठेवता येतील. दुसरीकडे, १९८१ साली पुण्यात जन्मून दोनच वर्षांत बंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसने २००७ मध्ये मेक्सिकोतील मॉन्तेर्रेय येथे कार्यालय थाटले, आणि ज्यांच्या इंग्रजीवर पूर्वी शेरे मारले जात, त्यांच्यातूनच आलेल्या व्यवस्थापकांवर आता मेक्सिकन अभियंत्यांचे इंग्रजी जोखण्याची पाळी आली. अशा बैठकीत बंगळुरूचा मराठी ‘टीम’ आणि मॉन्तेर्रेयचा स्पॅनिश ‘तीम’ एकमेकांना पहिल्या फटक्यात कळतात, माल जहाजावर चढला की मेंढीवर, याची दोघांनाही शंका येत नाही, आणि ‘पार्डन?’ विचारण्याची वेळ येते ती फक्त डॅलसहून जोडल्या गेलेल्या ग्राहकावर. त्याची अडचण ओळखून बैठक संपल्यावर सर्व मुद्द्यांचे लेखी टिपण ईमेलने पाठवण्याची प्रथा पडली आहे. त्यात दोन्ही स्पेलिंगे बिनचूक असतात.